मोटर वाचली

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. वस्ती म्हणायची ती आता केवळ सवयीने. निम्म्या घरांना कुलपं, आणि ज्यांना कुलपं नाहीत त्यांत म्हातारी माणसं. वस्तीच्या अगदी टोकाला एकमेकांना खेटून दोन घरं उभी आहेत. मागचं परस एकच आणि परसातली विहीरही एकच. खालच्या घरात बाळाबाई राहायची, आणि चढावरच्या घरात तिची धाकटी जाऊ ठकुबाई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही कधीच गेलेले. बाळाबाईचा गोरख नसरापुरात नोकरीला, ठकुबाईची अश्विनी कामथडीला दिलेली. म्हणजे सकाळी उठून तोंड बघायचं तर या दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. आणि दिवाळीपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

अबोला धरायलाही अक्कल लागते. या दोघींनी तो अगदी रीतसर धरला होता. एक परसात आली की दुसरीने आत व्हायचं. दुसरीचा उंबरा ओलांडायचा नाही. काही सांगायचंच झालं तर ते कोंबडीला सांगायचं, मांजराला सांगायचं, नाहीतर नुसतं हवेत सोडून द्यायचं. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे, जी आधी तोंड उघडेल ती हरली. बाळाबाई थोरली. थोरलीने हरायचं म्हणजे काय, असा तिचा सरळ हिशेब.

भांडण झालं ते मोटरीवरून. बाळाबाईचा उजवा खांदा धरला आणि तिला पोहरा ओढवेना, तेव्हा गोरखने विहिरीवर मोटर बसवली. बसवायला भोरहून शफी आला होता. नळ उघडला की आपोआप चालू होणारी आणि पाणी भरलं की आपोआप बंद होणारी ती मोटर बघायला खालच्या अंगाचा गेनूसुद्धा काठी टेकत वर आला. मोटरीशेजारी एक तांबडी टाकी, तिच्यात निम्मी हवा. आणि टाकीवर मुठीएवढी काळी डबी. डबीचं झाकण काढलं की आत दोन स्प्रिंगा आणि दोन नट. मोठा आवळला की मोटर लवकर चालू होते, बारका सैल केला की लवकर बंद होते. शफीने दाबाचा काटा बघून दोन्ही लावून दिले.

"ह्या दोन्हीत मी अंतर ठिवलंय, मावशी. दोनेक बादल्या उपसल्या की एकदा उठंल, टाकी भरून घिईल आन गप बसंल. चालून चालून मोटर मरत न्हाई. सारखी उठबस केली की मरती."

रोज्यांचे दिवस होते. सूर्य मावळायच्या आत भोर गाठायचं म्हणून त्याने हत्यारं पिशवीत कोंबली आणि उतरणीला लागला. त्यानंतर तो इतक्या वर परत कशाला येतोय.

ठकुबाईचं घर चार पायऱ्या वर. टाकीतला जोर उतरत आला की खाली बाळाबाईच्या नळाला बरं पाणी असायचं, पण वर ठकुबाईच्या नळाला सुतळीएवढी धार. तिने गोरखला फोनवरून सांगून बघितलं. तो "बघू" म्हणाला, आणि पोरांचं "बघू" म्हणजे काय ते सगळ्या आयांना माहीत असतं. दिवाळीत अश्विनीचा नवरा आला, त्याने पान्याने मोठा नट चांगला आवळला आणि ठकुबाईच्या मोरीत पाणी उसळून पडलं. दोन दिवस ती धुतलेली भांडी परत परत धूत होती.

बाळाबाईच्या ध्यानात आलं ते आवाजावरून. मोटर फार लवकर उठायला लागली होती. तिने झाकण काढून बघितलं, नटावर पान्याचे ताजे ओरखडे दिसले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, ही लवकर उठते तर आपण लवकर निजवू. म्हणून तिने बारका नट अंगठा दुखेपर्यंत सैल केला. आपण मोटरीला विसावा दिला, असंच तिला वाटलं. झालं उलटंच. एकीने खालून वर ढकललं, दुसरीने वरून खाली दाबलं आणि मधलं अंतर पार मिटलं. आता तांब्याभर पाणी घेतलं तरी मोटर उठायची आणि नळ बंद होतो न होतो तोच खट करून बसायची.

एवढ्यावर थांबली असती तर ती बाळाबाई कसली. परसात उभी राहून, मांजर मधे न घेता, तिने सरळ तोंडावर बोलून टाकलं, "पोरगा न्हाई जिला, तिनं दुसरीच्या पोराच्या मोटरीला हात लावू नये."

ठकुबाईला एक मुलगा झाला होता. तो रांगायला लागायच्या आत गेला होता आणि त्याला शेवटचं मांडीवर घेऊन बाळाबाईच बसली होती. ठकुबाई हातातली घागर तिथंच ठेवून आत गेली. तेव्हापासून अबोला. शब्द तोंडातून गेला त्या क्षणीच बाळाबाईला कळलं होतं की हा फार पुढं गेला. पण कळणं वेगळं आणि जाऊन "चुकलं" म्हणणं वेगळं.

तोंडं बंद झाली तरी मोटर मात्र बोलत राहिली. उजाडताना घुर्रर्र, खट: ठकू उठली, तोंड धुतलं. थोड्या वेळाने परत घुर्रर्र: चहाचं आधण. मग भांडी, मग शेळीचं पाणी. बाळाबाई अंथरुणात पडल्या पडल्या सगळं ऐकायची. एखाद्या सकाळी आवाज उशिरा आला तर ती उठून बसायची आणि तो आल्यावरच चुलीकडे वळायची. अर्थात हे तिने कुणापाशी कबूल केलं नसतं.

गुढीपाडव्याला गोरख आला तेव्हा मोटरीजवळ उभा राहून त्याने तोंड वाकडं केलं.

"आई, हिचं काय खरं न्हाई. लई तापती. ही जळली तर म्या दुसरी बसवायचो न्हाई, सांगून ठिवतो. मग गपगुमान नसरापूरला यायचं."

"आन न्हाई आले तर?"

"पाणी काय हवेतनं काढणार हायेस? खांदा तरी हलतोय का?"

बाळाबाई एकदा आठवडाभर नसरापूरला राहिली होती. रस्त्याला लागून दोन खोल्या, खाली दुकानं, दिवसभर रिक्षावाल्यांची आरडाओरड. सून सोनिया चांगली होती, हातात चहा द्यायची, उठू द्यायची नाही. त्या आठवड्यात बाळाबाईने एकही भांडं घासलं नाही, एकही काडी उचलली नाही, आणि घरी आल्यावर परसात बसून ती पोटभर रडली. आपण संपलो की काय असं तिला तिथं वाटलं होतं. नाचणीचं चार गुंठ्यांचं वावर, कोंबड्या, हे परस, हे सगळं त्या मोटरीवर टेकलेलं होतं. पाऊस लागेपर्यंत ती टिकली म्हणजे झालं. मग पागोळ्यांखाली हंडा ठेवला तरी भागतं. त्या दिवसापासून मोटरीचा प्रत्येक खट तिच्या काळजात वाजायला लागला. आपण स्वतः तांब्या-तांब्याने पाणी घेणं तिने सोडलं, सकाळी एकदाच हंडे भरून ठेवायला लागली. वरची मात्र चैनीत नळ सोडतेय, असं तिला वाटायचं.

वैशाखातली ती सकाळ. विहिरीचा तळ दिसायला आला होता. उजाडलं, मोटर उठली, बसली. ठकू उठली, असं मनात म्हणून बाळाबाईने चूल पेटवली. जरा वेळाने परत घुर्रर्र, खट. आधण. मग थोडं थांबून परत. परत. परत.

बाळाबाईने कान टवकारले. हे रोजचं नव्हतं. भांडी घासताना मोटर जरा लांबट चालते. ही नुसती उठत होती आणि बसत होती, कुणी मुद्दाम नळ उघडून मिटावा तशी. मधेच बराच वेळ शांत व्हायची. बाळाबाईला वाटायचं, संपलं एकदाचं, आणि तेवढ्यात पुन्हा घुर्रर्र, खट.

ऊन चढलं तशी ती परसात आली. मोटरीवर हात ठेवला तर चटका बसला. वरच्या घराचं मागलं दार लोटलेलं होतं, मोरीचा झरोका हातभर उंचावर. ठकुबाईची शेळी खुंट्याला बांधलेली होती आणि ओरडत होती. बाळाबाईच्या पायाशी कोंबडीची एक तलंग दाणे टिपत होती. तिने बोलायला तिलाच धरलं.

"काय गं, कुणाच्या मोटरीचा जीव घ्यायला बसलेत गं लोकं? जळली म्हंजी गार वाटंल का एकेकीला?"

झरोक्याच्या आतून काही आलं नाही. पण लगेच मोटर उठली. बसली. पुन्हा उठली, बसली.

हे म्हणजे तोंडावर उत्तर झालं. बाळाबाईचे कान तापले.

"ऐकू येतंया म्हणा की. ऐकू येऊन वर ही थेरं. मला नसरापूरला धाडायचंय व्हय? म्हंजी परस बी एकटीचं, हीर बी एकटीची."

घुर्रर्र, खट. घुर्रर्र, खट. या वेळी लागोपाठ, घाईघाईने.

"कर, कर. तुजं काय जातंय. तुला हाय कोण मागं पुढं, म्हणून तुला कशाची किंमत."

हे बोलून ती जरा थांबली. तलंग केव्हाच निघून गेली होती, म्हणजे हे कुणाला बोललो ते उघडच होतं. पलीकडून ठकू आता बाहेर येईल, कमरेवर हात ठेवून दोन शब्द सुनावील, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर ती त्याचीच वाट बघत होती. ठकू भांडायला आली असती तर ती हरली असती, आणि ती हरली की बाळाबाई तिला चहाला बस म्हणणार होती. गेल्या महिनाभर हे तिच्या मनात होतं. पण दार हललं नाही. फक्त मोटर तेवढी एकदा उठली, जरा जास्त वेळ चालली आणि बसली.

मोटरीपासून निघालेली नळी पुढं दुभंगते. एक फाटा खाली येतो, एक वर जातो, आणि दोन्हींवर कॉक आहेत. बाळाबाई वाकली. वरच्या फाट्याचा कॉक गंजला होता. डाव्या हाताने फिरेना म्हणून तिने दुखऱ्या खांद्याचा हातही लावला आणि दोन्ही हातांनी तो घट्ट बंद केला.

"आता बस म्हणावं बोंबलत."

त्यानंतर मोटर उठली नाही. परसात एकदम शांत झालं. बाळाबाईने मोटरीवर ओलं पोतं टाकलं, आत येऊन भाकरी खाल्ली आणि पडवीत लवंडली. कितीतरी दिवसांनी तिला अशी गाढ झोप लागली.

उठली तेव्हा उन्हं कलली होती. शेळी अजून ओरडत होती, पण आवाज बसला होता. तिला पाणी दाखवायला ठकू आली नव्हती. पाणी बंद करून एवढा वेळ झाला तरी घागर घेऊन विहिरीवरही आली नव्हती. बाळाबाईने वरच्या घराकडे बघितलं. चुलीचा धूर नाही. ती पायऱ्या चढून गेली आणि लोटलेल्या दारापाशी उभी राहिली. आत पाय टाकायच्या आधी तिने हाक मारली.

"ठके."

अबोला असा सुटला. ऐकायला कुणी नव्हतं.

ठकुबाई मोरीत कुशीवर पडलेली होती. अंगावरून वारं गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात अंगाखाली दबलेला. दुसरा हात वर होता. मोरीतला नळ बादलीच्या उंचीचा, पडल्या माणसाच्या हाताला येण्याजोगा. त्याच्या तोटीवर तिची बोटं आवळलेली होती. तोटी पुरती उघडी होती आणि तिच्यातून थेंब येत नव्हता. फरशी अजून ओली होती.

बाळाबाईच्या हाका ऐकून गेनू आणि त्याची बायको वर आली. गेनूच्या बायकोने ठकुबाईच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, "अजून पुरती गार न्हाई झाली, बया. आत्ता आत्ता गेलीया." मग तिने तोटीवरची बोटं एकेक करून सोडवली. बाळाबाई भिंतीला टेकून बघत होती.

अश्विनी आणि गोरख आले, भावकी जमली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला शेवटची आंघोळ घालायची म्हणून अश्विनी मोरीत हंडा भरायला गेली आणि तशीच बाहेर आली. रडून तिचा आवाज गेला होता.

"आईच्या नळाला पाणीच न्हाई, काकी."

अंगणात बायका बसल्या होत्या, सगळ्यांनी वर बघितलं. बाळाबाई उठली. परसात गेली, वाकली आणि तो कॉक उघडायला लागली. इतका घट्ट बसला होता की तिच्या हाताने सुटेना. मागून गोरख आला, त्याने कॉक बघितला, आईकडे बघितलं आणि एका झटक्यात उघडला. वर मोरीत पाणी आदळल्याचा आवाज आला आणि मोटर उठली.

"हीर आटलीया. वाचवायला बंद केला आसंल आईनं," तो बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला. अश्विनीने मान हलवली आणि हंडा घेऊन आत गेली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने रागाने एक शब्द विचारला असता तरी बाळाबाईला बरं वाटलं असतं.

दहावा झाला. अश्विनी शेळी घेऊन कामथडीला गेली, घराला कुलूप लावून किल्ली काकीपाशी देऊन गेली. जाताना पाया पडली. "तुमी हुता जवळ म्हणून म्या निर्धास्त हुते," म्हणाली. बाळाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण तो तिने लगेच काढून घेतला.

गोरख मात्र थांबला. त्याने भोरहून शफीला आणवलं. आई नसरापूरला यायला तयार नव्हती आणि या दिवसांत तिच्याशी हुज्जत घालायला त्याचं मन घेत नव्हतं, तेव्हा निदान मोटर तरी धडशी करून द्यावी असं त्याने ठरवलं. शफी डबी उघडून बसला. बाळाबाई किल्ली घेऊन वर गेली. मोरी एकदा घासून काढावी म्हणून गेली होती, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मोरीत गेल्यावर ती खाली बसली, मग हळूहळू, खांदा सांभाळत, फरशीवर कुशीवर झाली. हात वर केला. तोटी हाताला आली.

तिने ती उघडली, मिटली. मोटर उठली नाही. परत उघडली, मिटली. शफीने दोन्ही नट जागेवर आणले होते. आता अशा थोड्या पाण्याला ती उठणार नव्हती.

झरोक्यातून परसातलं बोलणं येत होतं. गोरख मोठ्याने बोलत नव्हता, शफी तर पुटपुटतच होता.

"जळली कशी न्हाई हेच नवल. दोन्ही नट कुणी एवढं पिळलं?"

"जाऊ दे. आता टिकंल का?"

"टिकंल की. एकट्या बाईला पाणी ते किती लागतंय. लई वर्सं बघायला नको."

एकेक शब्द आत येत होता. पानं हलली तरी कळत होतं, विहिरीच्या काठावर शफीने पाना ठेवला तेही कळलं. म्हणजे त्या दिवशी तलंगेला सांगितलेलं सगळं ठकूला इथं ऐकू आलं होतं. मोटरीचं आलं, नसरापूरचं आलं. मागं पुढं कोण हाय, तेही आलं. आणि ते ऐकून ठकूने परत एकदा तोटी उघडली होती, जरा जास्त वेळ.

"आई," गोरखने परसातून हाक मारली. "आई, कुठं हायेस?"

बाळाबाईने तोटी पुरती उघडली आणि मोटर उठायची वाट बघत ती तशीच पडून राहिली.